बोल घ्या, माणूस सोडा

कथा लिहू पाहणाऱ्या वाचकांचे, विशेषतः भगिनींचे, दोन प्रश्न आमच्याकडे सारखे येतात. पहिला असा, की घरात आपण उर्दू बोलतो आणि लिहायचे मराठीत; मग आपल्या पात्रांनी बोलावे कसे? दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. शेजारच्या घरात घडलेले लिहिले तर ती गिबत होईल का? वरवर पाहता पहिला प्रश्न भाषेचा आणि दुसरा दीनचा. पण आमच्या समजुतीप्रमाणे दोन्हींची उत्तरे एकाच सवयीत सापडतात. ती सवय आहे रोज कान देऊन ऐकण्याची, आणि ऐकलेले वहीत उतरवण्याची.

आधी भाषेचे पाहू. नवशिक्या कथेतली अम्मी हमखास म्हणते, "बेटा, तुझ्या वर्तनाने मी अत्यंत व्यथित झाले आहे." असे कोणाची अम्मी बोलते? ही आपल्या शाळेतल्या निबंधाची भाषा आहे. ती शिकवणारे आम्हीच, त्यामुळे तिच्यावर राग नाही. अर्ज लिहायला, परीक्षेला ती लागतेच. पण ती तोंडात घातली की पात्राचा जीव जातो.

आम्ही ज्या चिखलदऱ्यात राहतो तिथे ऐकण्यासारखे भरपूर आहे. मेळघाटातले कोरकू आठवडी बाजाराला येतात, त्यांची बोली मराठीपेक्षा अगदीच निराळी. गवळ्यांची बोली वेगळी. गाविलगडाचे नावसुद्धा गवळ्यांवरून पडले असे सांगतात. घाटाखालून परतवाडा-अचलपूरची मंडळी वऱ्हाडी घेऊन वर चढतात, पावसाळ्यात पर्यटकांबरोबर नागपुरी हिंदी येते. आणि आपल्या घरातली उर्दू? तिच्यात मराठी इतकी मुरलेली आहे, की चुलीवरचे दूध आपल्याकडे "उबल" जात नाही, "उतू" जाते.

आता एक ऐकलेले वाक्य सांगतो. २०२३ च्या मार्चपासून एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले. त्यानंतर कधीतरी परतवाड्याला उतरणाऱ्या गाडीत एक वयस्क बाई वाहकाला म्हणाल्या, "सरकारनं आता अर्धी केली बाप्पा, मी तं कईचीच अर्धी झाली." गाडी हसली. आम्ही वाक्य लिहून घेतले आणि त्या बाई कोण, कुठल्या, हे कोणालाही विचारले नाही. का विचारले नाही, ते पुढे येईलच.

हेच वाक्य आपल्या मोहल्ल्यातल्या बाईच्या तोंडी द्यायचे ठरवले तर? पुस्तकी उर्दूत ती म्हणेल, "हुकूमत ने तो अब आधा किया है, मैं तो कब की आधी हो चुकी." वाक्य शुद्ध, पण बाई लखनौची झाली. आपली बाई म्हणेल, "सरकार ने अब आधी करी बाबा, मैं तो कबकीच आधी हो गई." त्या "कबकीच"मधला "च" पाहा. तो मराठीतून आला आहे. दख्खनच्या उर्दूने तो पूर्वीच आपलासा केला, आणि उत्तरेकडचा माणूस आपल्याला त्या एका "च"वरून ओळखतो. शाळेत उर्दूचे शिक्षक तो खोडतात, परीक्षेपुरते ते बरोबरही आहे. कथेत मात्र तो "च" खोडला तर बाईचे अर्धे बोलणे गेले.

मग मराठी कथेत उर्दू वाक्ये किती ठेवावीत? आमचा हिशेब साधा आहे. निवेदन मराठीत, बोलणे ज्याचे त्याच्या जिभेवर असेल तसे. मराठी वाचकाला आपले "कायकू" आणि "नक्को" कळते. त्यापुढे कंस करून अर्थ देत बसू नये. अडखळायला होईल असा शब्द आलाच तर पुढच्या वाक्यात त्याचा खुलासा होईल असे काही घडवावे.

याचा मोठा दाखला आपल्या अमरावती जिल्ह्यातच आहे. उद्धव शेळके यांची "धग" १९६० मध्ये आली. शिंप्याच्या घरातली कौतिक, न संपणारी गरिबी, हाताशी न येणारा नवरा. त्या काळच्या पुणेरी वाचकाला वऱ्हाडी झेपेल का, या धास्तीने त्यांनी कौतिकच्या तोंडी प्रमाण मराठी घातली असती, तर आज ती कादंबरी कोणी आठवली नसती. ती वऱ्हाडीतच बोलली आणि साऱ्या महाराष्ट्राला कळली. पुढे शेळक्यांनी लेखणीवरच संसार चालवला, ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या बऱ्याच विसरल्या गेल्या, पण रोज लिहिणाऱ्याला हा हिशेब मान्य करावाच लागतो. कोकणातल्या मुस्लिम वस्तीचे चित्र मराठीत आणणारी हमीद दलवाई यांची "इंधन" १९६५ ची. त्यांच्या पुढच्या चळवळीबद्दल आपल्यात मते काहीही असोत, कथाकार म्हणून त्यांना वाचावे असे आम्ही म्हणू. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यालाही आता तीन दशके उलटून गेली. वऱ्हाडातल्या मुस्लिम घराची बाई मात्र मराठी कथेत आम्हाला अजून क्वचितच भेटते.

इस्मत चुगताईंचे नाव इथे घेतलेच पाहिजे, एक कारण म्हणजे त्या आमच्या पेशाच्या. शिक्षकी पदवी घेतलेली, बरेलीत मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, मग मुंबईत शाळांची निरीक्षक. त्यांनी जनानखान्यातली बोली जशीच्या तशी कथेत आणली. "चौथी का जोडा" जरूर वाचा. अपुऱ्या कापडातूनही जोडा बेतून देणारी आई, तिची लग्नाची वाट पाहणारी कुबरा, आणि शेवटी त्याच हातांनी बेतावे लागलेले लेकीचे कफन. गरिबीवर, हुंड्यावर भाषण एक ओळीचे नाही. सगळी कथा कात्री आणि कापडावर तोललेली आहे.

आता दुसरा प्रश्न. गिबतचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे: पाठीमागे एखाद्याबद्दल असे बोलणे, जे त्याला आवडणार नाही. "पण ते खरे आहे ना" हा त्यावर बचाव नाही. खरे असेल तेव्हाच ती गिबत होते, खोटे असेल तर तोहमत. म्हणजे "सत्य घटनेवर आधारित" असे वर लिहून सुटका होत नाही, उलट अडचण वाढते.

चिखलदऱ्यासारख्या लहान गावात नाव बदलून काही लपत नाही. सलमाची नजमा केली, चिखलदऱ्याचे अकोट केले, तरी तलाक झालेली, शिवणकाम करणारी, एक मुलगा असलेली बाई कोण, हे पाणी भरायला आलेल्या चार जणी क्षणात सांगतील. छापून आल्यावर त्या बाईने गल्लीतून जायचे कसे? कथा कितीही उत्तम असली तरी हा जाब लेखकालाच द्यावा लागेल. शिक्षकांच्या हाती तर याहून नाजूक माल असतो. "माझे बाबा" या निबंधात मुले घरातले असे काही लिहून जातात, की वाचताना हात थांबतो. त्या वह्यांतले एक अक्षर आम्ही कथेसाठी उचललेले नाही. मुलाने ते बाईंना किंवा सरांना सांगितलेले असते, मासिकाला नाही.

मग लिहायचे काय? माणसाचा बोल घ्या, माणूस सोडा. "कबकीच आधी" हे वाक्य घ्या आणि त्या बाईंच्या घराचा पत्ता सोडा. आता स्वतःला विचारा: माणूस अर्धा कशाने होतो? जोडीदार गेल्याने, हे पहिले उत्तर. ते कोणालाही सुचते, म्हणून बाजूला ठेवा. बहिणीशी अबोला धरल्याने? घराची वाटणी होऊन मधे भिंत आल्याने? भिंत घ्या. एकच अंगण, दोन चुली, पलीकडून येणारा फोडणीचा वास, आणि भिंतीला फळी टाकून अजून एकमेकींना कढीपत्ता देणाऱ्या दोन जावा. बघता बघता एसटीतल्या बाई कथेतून निघून गेल्या. आता त्यांनी स्वतः वाचली तरी त्यांना आपले वाक्य आठवेल, आपली बेइज्जती झाल्याचे वाटणार नाही. गिबत टाळण्याची काळजी घेताना कल्पना आपोआप कामाला लागते, हा आमचा अनुभव आहे.

वेळ कुठून काढायचा, असेही विचारतात. सआदत हसन मंटोंनी आपल्या लिहिण्याबद्दल सांगून ठेवले आहे, की मुलींचा गोंगाट चालू असतो, त्यांची भांडणे सोडवावी लागतात, भेटायला आलेल्यांची सरबराई करावी लागते, आणि तरी कथा लिहिली जाते. कोऱ्या कागदावर ते आधी ७८६ लिहीत. तेव्हा एकांताची वाट पाहू नये. फजरनंतर डबे भरायला अजून अर्धा तास असतो, तो धरा. रमजानमध्ये सहरीनंतर. पाच ओळी झाल्या तरी वही मिटा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडा. आमच्याकडे पावसाळ्यात धुके खिडकीतून घरात येते, कागद ओलसर होतो आणि शाईचे पेन फुटते. म्हणून जून ते सप्टेंबर बॉलपेन. वही प्लास्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या डब्याशेजारी.

कथा झाली की घरात मोठ्याने वाचून दाखवा. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या अम्मीजींना मराठी वाचता येत नाही, ऐकून मात्र सगळी समजते. त्या तांदूळ निवडता निवडता ऐकतात. कुठे हात थांबला की आम्ही तिथे खूण करतो. "ऐसा कौन बोलता जी?" असे त्या म्हणाल्या, की ते वाक्य पुन्हा लिहायला घेतो.