डोळे शाबूत, तरी अंधार



१९८०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे एक कोडे उभे राहिले. लाँग बीच शहरात व आसपास राहणाऱ्या कंबोडियन निर्वासित बायका एकामागून एक तपासणीला येऊ लागल्या. बहुतेक चाळिशी उलटलेल्या. कुणाला अंधुक दिसे, कुणाला नुसत्या सावल्या दिसत, कुणाला काहीच नाही. तपासावे तर बुबुळ, पडदा, नस सारे शाबूत! डोक्याला तारा लावून पाहिले, तेव्हा डोळ्यांचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोहोचत होता. मग या बायका खोटे बोलत होत्या काय?

पॅट्रिशिया रोझे आणि ग्रेचेन व्हॅन बोमेल या दोन अभ्यासक स्त्रियांनी त्यांचा मागील इतिहास विचारला. अशा सुमारे १५० बायका आढळल्या होत्या. कंबोडिया हा बौद्धांचा देश. एप्रिल १९७५ मध्ये पोल पॉटच्या ख्मेर रूज संघटनेने तेथील सत्ता घेतली. शहरे रिकामी करून माणसांना शेतावर गुरासारखे राबवले. विहार बंद पाडले, भिक्खूंची चीवरे उतरवली. जानेवारी १९७९ पर्यंतच्या जवळपास चार वर्षांत उपासमार, रोगराई आणि कत्तलीत १५ ते २० लाख माणसे मेली. या बायकांपैकी अनेकींनी नवरा, मुले, भाऊ डोळ्यांदेखत मरताना पाहिले होते. काहींनी सांगितले, वर्षानुवर्षे रडलो आणि मग दिसेनासे झाले. जिने त्या छावण्यांत अधिक वर्षे काढली, तिची दृष्टी अधिक अधू, असेही आढळून आले.

या बायका नाटक करीत नव्हत्या. त्यांना खरोखरच दिसत नव्हते.

अशा आजाराला पूर्वी 'हिस्टेरिया' म्हणत. हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या नावावरून आला. गर्भाशय जागा सोडून शरीरात भटकते आणि बाईला झटके येतात, अशी जुनी समजूत होती. त्यावर उपाय काय, तर लग्न आणि बाळंतपण! 'लग्न लावून द्या, आपोआप बरी होईल' असा सल्ला आपल्याकडेही अजून ऐकू येतो. म्हणजे दुखणे बाईचे, दोषही बाईचा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉ. शार्को यांनी दाखवून दिले की हा आजार पुरुषांनाही होतो, अपघातात सापडलेल्या धडधाकट कामगारांनाही होतो. त्यांच्याकडे शिकलेले फ्रॉईड यांनी ब्रॉयर यांच्यासह १८९५ साली पुस्तक लिहिले. दाबून टाकलेले मनाचे दुःख शरीरावाटे बाहेर पडते, असा विचार त्यांनी मांडला. पुढे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात अनेक सैनिक डोळ्यांना इजा नसताना आंधळे झाले, कुणाची वाचा गेली, कुणाचे हातपाय लुळे पडले. बंदूक घेतलेल्या पुरुषाला गर्भाशय कुठले? तरीही या सैनिकांना भित्रे म्हणून हिणवले गेलेच.

मात्र डॉक्टरही चुकत होते. १९६५ साली लंडनच्या डॉ. एलियट स्लेटर यांनी 'हिस्टेरिया' असा शिक्का बसलेल्या रुग्णांचा काही वर्षांनी पुन्हा शोध घेतला. त्यांतल्या अनेकांना शरीराचाच गंभीर आजार निघाला. शिक्का मारला की तपास थांबतो, हा त्यातला धडा. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तकातून हिस्टेरिया हे आजाराचे नाव गेले. २०१३ च्या आवृत्तीत मनावरचा ताण सापडलाच पाहिजे ही अटही गेली. ताण असू शकतो, नसूही शकतो. आज डॉक्टर त्याला कार्याचा बिघाड मानतात. रेडिओ शाबूत आहे, वीज आहे, पण स्टेशन लागत नाही, तसे समजा.

डॉक्टर हे ओळखतात कसे? रुग्णापुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पिंप फिरवतात किंवा मोठा आरसा हलवतात. दिसत नाही म्हणणाऱ्याचे डोळे नकळत त्यामागे सरकतात. यावरून 'पकडला चोर' म्हणायचे नसते. 'तुमची पाहण्याची वाट शाबूत आहे, दृष्टी परत येऊ शकते', असे समजावून सांगायचे असते. लाँग बीचच्या काही बायकांना गटात बसवून बोलते केले, काहींना परक्या शहरात वावरायचे व्यवहार शिकवले. त्यांतल्या काहींना पुन्हा बरे दिसू लागले.

मी डॉक्टर नव्हे, कारकुनी करणारा माणूस. पण वस्तीत काम करताना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, एकाएकी दिसेनासे झाले तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसू नका. पडदा सुटणे, काचबिंदू, मेंदूतला रक्तप्रवाह अडणे यांत तासातासाला किंमत आहे. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. दुसरी, डॉक्टरांनी डोळे ठीक सांगितले तर घरच्या लेकी-सुनेला 'सोंग करते' म्हणून टोचू नका. देवऋषाकडेही नेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तिसरी, मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, मराठीतही बोलता येते. आणि आजारी बाईला डॉक्टरांपुढे तिचे स्वतःचे बोलू द्या. नवऱ्याने किंवा सासूने तिच्या वतीने सगळे सांगून टाकले, तर जे सांगायचे होते ते तिच्या पोटातच राहते.