संगणकाचे कोणते दार उघडे आहे?

मागील अंकात आपण पासवर्ड कसा असावा, तो कुठे लिहू नये, हे पाहिले. या वेळी त्याच्या पुढचा धडा घेऊ.

जून-जुलै आला की आपल्या घराघरांत दोन वाक्ये रोज कानावर पडतात. एक, ‘नेट नै चल रहा’, आणि दुसरे, ‘सर्व्हर डाउन आहे’. अकरावीचा प्रवेश असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, उत्पन्नाचा दाखला असो की हजचा फॉर्म, सगळे आता संगणकावरच. खर्ड्यासारख्या गावातून मजुरी बुडवून आलेला बाप केंद्राच्या बाकावर दोन तास बसतो आणि ‘सर्व्हर डाउन, उद्या या’ एवढे ऐकून परततो. आमच्या पाहण्यात एका मुलीचा अर्ज असाच तीन दिवस अडकला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका दुकानातून तोच अर्ज दहा मिनिटांत भरला गेला. म्हणजे सर्व्हर चालू होता. बिघाड पहिल्या ठिकाणच्या तारेत किंवा डबीत होता, पण तो शोधायची तसदी कोणी घेतली नव्हती. अंतिम तारखेला अजून एक दिवस होता म्हणून वर्षाची शिष्यवृत्ती वाचली.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. संगणकाचे इंजिनियर नव्हे. पण भाषेच्या शिक्षकाला एक सवय असते. मूल ‘मला येत नाही’ म्हणाले की नेमके काय येत नाही, अक्षर, जोडाक्षर की अर्थ, हे तो विचारतो. ‘नेट नाही’ या वाक्यालाही तसेच विचारायला हवे. कुठपर्यंत आहे आणि कुठून पुढे नाही?

काळी खिडकी

हे विचारण्याची सोय प्रत्येक विंडोज संगणकात आधीपासून आहे आणि ती फुकट आहे. कळफलकावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून ठेवा आणि ‘आर’ दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजीत सी-एम-डी ही तीन अक्षरे लिहून एंटर करा. एक काळी खिडकी उघडेल. तिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. तिथे चित्रे नाहीत, माऊसचे काम नाही. आपण एक शब्द लिहायचा, संगणक उत्तर देतो. मुलांना ती सिनेमातल्या हॅकरची खिडकी वाटते आणि आयांना भीती वाटते की काही दाबले तर सगळे पुसले जाईल. खाली दिलेल्या आज्ञा फक्त दाखवतात, काही बदलत नाहीत आणि काही पुसत नाहीत. मात्र कोणी फोनवरून सांगितलेली अनोळखी आज्ञा या खिडकीत कधीही लिहू नये.

आधी हाक मारून पाहा

पहिली आज्ञा पिंग. इंग्रजीत पी-आय-एन-जी. अमेरिकेतील माईक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीचा शोध घेताना पाण्यात आवाज सोडतात आणि तो आदळून परत येतो का हे ऐकतात. त्या आवाजावरून हे नाव पडले. कामही तेच. आपण हाक मारायची आणि उत्तर येते का, किती वेळात येते, ते पाहायचे.

चार हाका क्रमाने माराव्यात. आकडे आम्ही इथे मराठीत छापले आहेत, संगणकावर ते इंग्रजीत लिहावेत.

पहिली हाक स्वतःला. पिंग लिहून जागा सोडावी आणि १२७.०.०.१ लिहावे. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. उत्तर आले तर संगणकातली नेटची व्यवस्था ठीक आहे.

दुसरी हाक घरातल्या राउटरला, म्हणजे वायफायच्या डबीला. तिचा पत्ता आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की ‘डिफॉल्ट गेटवे’ या ओळीसमोर दिसतो. बहुधा तो १९२.१६८.१.१ असा काहीतरी असतो. इथून उत्तर नाही तर दोष घरातच आहे. तार निसटली आहे, वायफाय बंद आहे किंवा डबी अडकली आहे.

तिसरी हाक बाहेरच्या जगाला. ८.८.८.८ हा गुगलचा सार्वजनिक पत्ता आहे. राउटर बोलतो पण हा बोलत नाही, तर राउटरच्या पुढची लाइन तुटली आहे. मग तक्रार नेट पुरवणाऱ्याकडे करावी.

चौथी हाक नावाने, म्हणजे एखाद्या नेहमीच्या संकेतस्थळाचे नाव लिहून. आकड्याला उत्तर मिळते आणि नावाला मिळत नाही, आणि संगणक ते स्थळ सापडलेच नाही असे सांगतो, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस नावाची सेवा बिघडली आहे. चारही हाकांना उत्तर आले आणि तरीही फक्त एकच सरकारी पोर्टल उघडत नाही, तेव्हा ‘सर्व्हर डाउन’ म्हणायला जागा आहे. एक सूचना मात्र लक्षात ठेवावी. काही संकेतस्थळे सुरक्षेसाठी पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एका स्थळाच्या मौनावरून निष्कर्ष काढू नये.

आमच्या गावच्या मुलांना हे लवकर समजते. ११ मार्च १७९५ च्या लढाईनंतर निजाम अली खान आमच्या खर्ड्याच्या किल्ल्यात आश्रयाला आला. भोवती मराठ्यांचा वेढा पडला आणि काही दिवसांतच त्याला तह करावा लागला. आत माणसे होती, भिंती होत्या, पण बाहेरची वाट बंद होती. संगणकही कधीकधी असाच आतून धडधाकट आणि बाहेरून तोडलेला असतो. अशा वेळी संगणक दुरुस्तीला पाचशे रुपये देऊन उपयोग नसतो.

आता दारे मोजा

दुसरी महत्त्वाची आज्ञा नेटस्टॅट. नाव नेटवर्क आणि स्टॅटिस्टिक्स या दोन शब्दांचे मिळून झाले आहे. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालीबरोबर ती आली आणि आज विंडोजमध्येही आहे. लिनक्सवर तिच्या जागी आता ‘एसएस’ ही नवी आज्ञा वापरतात. पिंग वाट सांगते, नेटस्टॅट सांगते की या क्षणी आपला संगणक कोणाशी बोलत आहे.

नेटस्टॅट लिहावे, जागा सोडावी, मग उणे चिन्ह आणि त्याला जोडून ए, एन, ओ ही अक्षरे. ‘ए’ म्हणजे सगळे दाखव, ‘एन’ म्हणजे नावे न शोधता आकडे दाखव, ‘ओ’ म्हणजे कोणत्या प्रोग्रामचे काम आहे त्याचा क्रमांक दाखव. ओळींचा ढीग पडतो. घाबरू नये. एक ब्राउझर उघडा असला तरी तीस-चाळीस ओळी येतात.

बहुतेक ओळींत आपला पत्ता, समोरचा पत्ता आणि स्थिती असते. पत्त्यापुढे अपूर्णविरामानंतर एक आकडा असतो. त्याला पोर्ट म्हणतात. पत्ता म्हणजे घर आणि पोर्ट म्हणजे त्या घराचे दार. दारांना ० पासून ६५५३५ पर्यंत क्रमांक आहेत. ४४३ हे सुरक्षित संकेतस्थळांचे दार, ८० हे जुन्या साध्या संकेतस्थळांचे, ५३ हे डीएनएसचे.

स्थितीचे शब्द पाच ध्यानात ठेवले तरी पुरे. ‘लिसनिंग’ म्हणजे दार उघडून कोणी येण्याची वाट पाहणे. ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणजे बोलणे चालू आहे. ‘टाइम वेट’ म्हणजे बोलणे संपले, निरोप घेऊन थोडा वेळ उंबऱ्यावर थांबणे. ‘क्लोज वेट’ म्हणजे पाहुणा उठून गेला, पण आपल्या बाजूने दार लावायचे राहिले. ‘सिन सेंट’ म्हणजे आपण दार वाजवले, उत्तर अजून नाही. ‘सिन सेंट’च्या ओळी सतत दिसत राहिल्या तर हाक बाहेर जाते पण उत्तर येत नाही, हे कळते.

लिसनिंगच्या ओळीत आणखी एक गोष्ट पाहावी. आपला पत्ता १२७.०.०.१ असेल तर ते आतल्या खोलीचे दार आहे, बाहेरच्याला दिसत नाही. ०.०.०.० असेल तर ते सगळ्या बाजूंनी उघडणारे दार आहे. शेवटच्या रकान्यातला क्रमांक टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये शोधला की दार कोणत्या प्रोग्रामने उघडले त्याचे नाव मिळते.

आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात की कोणाच्याही घरात सलाम करून, परवानगी घेऊनच पाऊल टाकावे. संगणकातही आधी दार वाजवायचे, होकार घ्यायचा आणि मग बोलणे सुरू करायचे, असाच शिरस्ता आहे. पण न विचारता घुसणारेही आहेत.

दार उघडे राहिले की

१२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुमारे दीडशे देशांत पसरला. त्याने ४४५ क्रमांकाच्या दाराचा वापर केला. विंडोजमध्ये फाइली एकमेकांना देण्यासाठी हे दार असते. दुरुस्तीचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांच्या फाइलींना कुलूप लागले. ब्रिटनमध्ये रुग्णालयांचे काम कोलमडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, त्यानेही हाच दोष वापरला आणि आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

त्याहून जवळचे उदाहरण पुण्याचे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे मागितले की विनंती स्विच नावाच्या यंत्रणेतून बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते आणि ‘खात्यात शिल्लक आहे, द्या’ असे उत्तर येते. चोरट्यांनी आत घुसून मध्ये खोटा स्विच बसवला. विनंती मुख्य यंत्रणेपर्यंत गेलीच नाही, खोटाच ‘द्या’ म्हणत राहिला. बनावट कार्डांवर काही तासांत अठ्ठावीस देशांतून पैसे काढले गेले आणि सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना शिक्षा सुनावली. एक आज्ञा लिहून हे टळले असते असे आम्ही म्हणणार नाही. मुद्दा एवढाच की आपण ज्याच्याशी बोलत आहोत तो खरोखर तोच आहे का, हा प्रश्न बँकेलाही चुकत नाही.

घरात हा प्रश्न फोनवरून येतो. ‘बँकेतून बोलतोय, केवायसी संपली, हे अॅप घ्या आणि नऊ आकडे सांगा.’ दुरून पडदा पाहू देणारी अॅप्स मुळात कामाचीच असतात, ऑफिसचे लोक दुरुस्तीला वापरतात. चोर तीच वापरतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते. अम्मीने आकडे सांगितले की ओटीपी चोराला समोर दिसतो. असे घडल्याचा संशय आला तर नेटस्टॅट चालवत बसू नये. आधी नेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला कळवावे. पहिला तास मोलाचा असतो. संगणकाची तपासणी त्यानंतर.

नेटस्टॅटच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ती कोणाशी बोलणे चालू आहे ते दाखवते, काय बोलणे चालू आहे ते नाही. संगणकात आधीच मुरलेला व्हायरस तिच्या डोळ्यांत धूळ फेकू शकतो. आणि मोबाइलमध्ये काय चालले आहे, ते संगणकावर बसून तिला दिसत नाही. शिवाय मुलांना हेही बजावावे की आपण आपल्याच घराची दारे मोजतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार गुन्हा ठरतो.

या महिन्याचा अभ्यास

घरातील नववी-दहावीच्या मुलामुलींनी एक काम करावे. नेट नीट चालू असताना चारही हाका मारून उत्तरे वहीत लिहावीत, राउटरचा पत्ता लिहावा, आणि नेटस्टॅटच्या ‘लिसनिंग’ ओळींतील दारांचे क्रमांक व प्रोग्रामची नावे टिपून ठेवावीत. तब्येत चांगली असताना रक्तदाब मोजून ठेवतो तसे हे आहे. पुढे बिघाड झाला की जुनी वही शेजारी ठेवावी आणि फरक पाहावा. यादीत नवे दार दिसले तर ते कोणी उघडले, हे भाऊ-बहिणींनी मिळून शोधावे.

मुलींना यात मुद्दाम पुढे करावे. आमच्या वर्गात या आज्ञा सर्वांत आधी पाठ करणाऱ्या मुलीच आहेत, आणि मोहल्ल्यातल्या बायका दाखला किंवा अर्ज भरताना त्यांनाच सोबत नेतात. पुढच्या वेळी कोणी ‘सर्व्हर डाउन’ म्हटले की त्यांनी नम्रपणे विचारावे, ‘भाई, राउटरला पिंग करून बघितलं का?’ उत्तर काहीही येवो, बाकावर बसलेल्या बापाला उद्याची मजुरी बुडवायची की शेजारच्या दुकानात जायचे, ते तरी ठरवता येईल.

पुढील अंकात राउटरचा मूळ पासवर्ड का आणि कसा बदलावा, ते पाहू.