संगणकाच्या पाटीवर कोणाचे अक्षर?

उत्तर-आधुनिकता हा शब्द आपल्याकडे साहित्याच्या चर्चासत्रात ऐकू येतो आणि बहुधा तेथेच विरतो. पण ज्या पुस्तकामुळे तो जगभर गाजला ते पुस्तक साहित्याविषयी नव्हते. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या सरकारी विद्यापीठ परिषदेने ज्याँ-फ्रांस्वा ल्योतार या फ्रेंच विचारवंताकडून एक अहवाल मागविला होता. विषय होता, संगणक आलेल्या समाजात ज्ञानाचे काय होणार? १९७९ साली तो प्रसिद्ध झाला. सगळ्यांची कहाणी सांगण्याचा दावा करणाऱ्या महाकथनांवरचा विश्वास उडाला आहे, हे त्याचे मत सर्वांनी उचलले. दुसरे मत मात्र मागे पडले. ते असे की, जे ज्ञान यंत्राच्या भाषेत बसणार नाही ते टाकून दिले जाईल. आपल्या कामाचे आहे ते हे दुसरे.

त्याची परीक्षा कॅनडातल्याच एका समाजावर करून पाहू. १८९१ पासून गॅलिशिया आणि बुकोव्हिना या ऑस्ट्रियन साम्राज्यातील प्रांतांतून युक्रेनियन शेतकरी कॅनडात येऊ लागले. १९१४ पर्यंत सुमारे १ लाख ७० हजार आले. १० डॉलर नोंदणी शुल्कात १६० एकर माळरान मिळे. राबायला माणसे हवी होती, म्हणून सरकारने त्यांना बोलावले. त्यांची भाषा मात्र नको होती. मॅनिटोबात १८९७ च्या कायद्याने द्विभाषिक शाळा निघाल्या, त्या १९१६ साली बंद करण्यात आल्या. पहिल्या महायुद्धात तर ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून हजारो युक्रेनियनांना छावण्यांत डांबले, सुमारे ८० हजार लोकांना शत्रुदेशीय म्हणून पोलिसांकडे हजेरी लावायला भाग पाडले. त्यांपैकी बहुसंख्य युक्रेनियन होते. त्या छावण्यांची बहुतेक सरकारी कागदपत्रे १९५४ साली नष्ट करण्यात आली. अन्याय करायचा आणि त्याचा कागदही ठेवायचा नाही! जे कळले त्यातले बरेचसे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतून आणि अभ्यासकांच्या चिकाटीतून कळले. सरकारने कायद्याने कबुली दिली ती २००५ साली.

१९६३ साली कॅनडा सरकारने भाषा आयोग नेमला तेव्हा देशाचे महाकथन ठरलेले होते: कॅनडा इंग्रज आणि फ्रेंच या दोन संस्थापक लोकांचा. १९६४ साली पॉल युझिक या युक्रेनियन वंशाच्या सिनेटरने आपल्या पहिल्याच भाषणात त्याला आव्हान दिले. १९७१ साली बहुसांस्कृतिक धोरण जाहीर झाले. हे कोणाच्या उदारपणाने झाले नाही, संघटनेने झाले. १९७४ साली एडमंटनमध्ये इंग्रजी-युक्रेनियन वर्ग सुरू झाले आणि १९७६ साली अल्बर्टा विद्यापीठात युक्रेनियन अभ्यास संस्था उभी राहिली. पाठ्यपुस्तके आणि इंटरनेटवरचा युक्रेन ज्ञानकोश या संस्थेने दिला.

आता यंत्राकडे येऊ. युक्रेनियन लिपीत 'ग' या उच्चारासाठी एक स्वतंत्र अक्षर आहे. सोव्हिएत राजवटीने १९३३ साली ते वर्णमालेतून काढून टाकले. परदेशात गेलेल्यांनी मात्र शाळांत, छापखान्यांत ते जपले. १९८८ साली सिरिलिक लिपीसाठी आयएसओ ८८५९-५ हे आंतरराष्ट्रीय संगणक मानक ठरले, त्यात हे अक्षर नव्हते! हुकूमशहाची बंदी तज्ज्ञांच्या तक्त्यात निमूटपणे उतरली. युक्रेनमध्ये ते १९९० साली परत आले, पुढे युनिकोडनेही घेतले. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइली आज उघडून पाहणाऱ्याला हे दुःख समजावून सांगायला नको. यंत्र तटस्थ असते असे सांगणाऱ्यांनी या एका अक्षराचे उत्तर द्यावे.

पण येथे थांबलो तर आपणही एक महाकथन रचू. पीडितांच्या स्मृतीलाही गाळण्या असतात. विनिपेगमध्ये श्रममंदिर बांधणाऱ्या डाव्या युक्रेनियन कामगारांच्या संघटनेवर १९४० साली बंदी आली, तिची सभागृहे जप्त झाली, काही तर तिच्या विरोधकांना विकली गेली. समाजाच्या गौरवकथेत या कामगारांना जागा किती? ज्या माळरानावर ही शेती फुलली ते क्री, मेती आदी आदिवासींचे होते. त्यांच्या मुलांना निवासी शाळांत कोंबून त्यांची भाषा मारली जात होती. आणि २२ सप्टेंबर २०२३ रोजी, युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांच्या भेटीत, कॅनडाच्या संसदेने नाझींच्या वाफेन-एसएसमधील गॅलिशिया डिव्हिजनच्या एका माजी सैनिकाला उभे राहून टाळ्या वाजवल्या. सभापतींना राजीनामा द्यावा लागला. अल्बर्टा विद्यापीठाने त्याच्या नावाने आलेला ३० हजार डॉलरचा निधी परत केला. ज्ञानकोश आपल्या माणसांनी लिहिला एवढ्याने त्याची तपासणी माफ होत नाही.

२०२२ च्या रशियन आक्रमणानंतर जवळपास ३ लाख युक्रेनियन तात्पुरत्या आश्रयाला कॅनडात आले. त्यांची मुले नवी प्रमाण युक्रेनियन बोलतात. ऑनलाइन धडे आणि भाषांतर करणारे यंत्र त्याच भाषेवर पोसलेले आहे. जुन्या वस्तीतली आजी दुकानाला 'श्टोर' म्हणते आणि मोटारीला 'कारा'. तिच्या पिढ्यांनी इंग्रजीशी झटापट करून घडवलेले हे शब्द. 'कारा' या शब्दाचा प्रमाण भाषेतला अर्थ मात्र शिक्षा! नातवाने मोटार घेतली, हे आजीचे वाक्य यंत्रात घातले तर नातवाने शिक्षा घेतली, असे निघायचे. चूक कोणाची, हे त्या वर्गातल्या शिक्षिकेला ठरवायचे आहे, आणि बाकावर आजीची नात बसलेली आहे.