भंगारात देण्याआधी बरणी उलटी करून पाहा

झरी जामणी तालुक्यातल्या मायबहिणींना आणि घरातल्या कर्त्या माणसांना एक विनंती आहे. जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं, भावाभावांत वाटणी झाली, घरातलं म्हातारं माणूस गेलं, की माळ्यावरचं सामान खाली येतं. पितळ, तांबं, लोखंड वजनावर विकलं जातं. चिनी मातीला वजनाचा भाव नाही. मग लोणच्याची बरणी उकिरड्यावर जाते, नाहीतर दारावर आलेला फेरीवाला प्लास्टिकची बादली देऊन ती उचलून नेतो. पुढं तीच बरणी शहरातल्या एखाद्या हॉटेलात शोभेला उभी राहते. ती मुकुटबनच्या कोणत्या घरात होती, तिच्यात कुणाच्या हातचं लोणचं मुरलं, हे तिथं कुणालाच ठाऊक नसतं. विकायची असेल तर खुशाल विका, वस्तू तुमची आहे. पण त्याआधी ती उलटी करून पाहा, घरातल्या मोठ्या माणसांना तिच्याबद्दल विचारा आणि कळेल ते लिहून ठेवा.

बरणी उन्हात आणा. आपल्याकडच्या बहुतेक बरण्या वरून तपकिरी आणि खालून दुधाळ असतात. दोन रंग जिथं मिळतात ती रेघ बारकाईनं पाहा, ती क्वचितच सरळ असते. कारागिरानं बरणी हातानं एका झिलईत आणि मग दुसऱ्या झिलईत बुडवली, त्याची ती खूण. आता बुडाची कड बघा. तिथं झिलई पुसून काढलेली असते, नाहीतर बरणी भट्टीत खालच्या फळीला चिकटून बसली असती. या उघड्या कडेवर मूळ माती दिसते: करडी, पिवळसर किंवा पांढरी. तोंडातून हात घालून आतल्या भिंतीवर बोटं फिरवा. वळसे लागले तर बरणी चाकावर ओढलेली आहे, भिंत सपाट लागली तर बहुधा साच्यातली. मग टिचकी मारा. खणखणीत वाजली तर माती चांगली भाजलेली आहे, बद्द वाजली तर कुठंतरी चीर आहे. बशी किंवा ताटली असेल तर पाठीमागं तीन बारीक टोचे शोधा. भट्टीत एकावर एक ताटल्या रचताना मध्ये तिकाटणं ठेवत, त्याचे ते डाग. त्यांना खोट समजू नका.

अशी दुरंगी बरणी मुळात इंग्लंडातली. एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टल शहरात शिसं न घालता करायची झिलई निघाली आणि तिथून दगडासारख्या कणखर बरण्या जगभर गेल्या. आपल्याकडं त्या आयात व्हायच्या. पुढं देशातच कारखाने निघाले: कलकत्त्यात, ग्वाल्हेरला आणि सौराष्ट्रात. सौराष्ट्रातल्या थान, मोरबी आणि वांकानेरच्या 'परशुराम पॉटरी वर्क्स'च्या मागं गणपुळे हे मराठी नाव आहे. आज मोरबी म्हटलं की फरशी आठवते, पण त्या पट्ट्यात चिनी मातीचा धंदा रुजवण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, हे आपल्या शाळेतल्या पोरांना माहीत असायला हवं. आणि एवढ्या लांब कशाला जायचं? वणीहून वर्धा नदी ओलांडली की भद्रावती. तिथं कृष्णमूर्ती मिरमिरा या गांधीविचाराच्या कार्यकर्त्यानं १९५० च्या दशकात ग्रामोदय संघ उभा केला आणि गावच्या कुंभाराला नवी माती, नवी भट्टी आणि नवी झिलई हाताळायला शिकवायचं काम हाती घेतलं. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या घरात भद्रावतीची वस्तू असेल तर ती इंग्रजी ताटलीपेक्षा कमी मोलाची मानू नका. माझ्या लेखी ती जास्त मोलाची आहे. ती आपल्या मातीची, आपल्या माणसांच्या हातची आहे.

आता शिक्क्याकडं वळू. कपाच्या, बशीच्या, ताटलीच्या पाठीवर छापलेली दोन-चार इंग्रजी अक्षरं पुष्कळ काही सांगतात. अमेरिकेनं १८९० साली कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव असलंच पाहिजे. म्हणून नुसतं 'इंग्लंड' असा शिक्का दिसला तर वस्तू साधारण १८९१ नंतरची. 'मेड इन इंग्लंड' असं पूर्ण लिहिलेलं बहुतेक विसाव्या शतकातलं. 'निप्पॉन' लिहिलेला जपानी माल १९२१ च्या आधीचा, कारण त्यानंतर 'जपान' असं लिहायची सक्ती झाली. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर जपान परक्या फौजांच्या ताब्यात होता, त्या काळातलं, म्हणजे १९५२ पर्यंतचं. 'आर. डी. नंबर' आणि पुढं आकडा असेल तर १८८४ नंतर इंग्लंडात नोंदवलेली नक्षी.

रेल्वेच्या कपबश्यांवर विशेष लक्ष ठेवा. 'जी. आय. पी.' म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. ती १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, तेव्हा तो शिक्का त्याआधीचा. पैनगंगेच्या पलीकडं आदिलाबादकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. आपली सोयरीक नदीच्या दोन्ही काठांवर आहे. लग्नात, आंदणात, बाजारात तिकडची भांडी इकडं आली असणारच. निजामाच्या रेल्वेचा शिक्का असलेला कप एखाद्या घरात निघाला तर तो कुठून, कुणामार्फत आला ते जरूर विचारा. तेलुगू बोलणाऱ्या घरांत बरणीला जाडी म्हणतात, आवकाय हे आंब्याचं लोणचं तिच्यातच मुरतं. त्या घरांच्या आठवणीही आपल्या नोंदींच्या वहीत यायला हव्यात.

शिक्क्यांचा नाद काय करू शकतो, हे अमेरिकेत पाहायला मिळतं. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात मारिया लाँगवर्थ निकोल्स या बाईंनी १८८० मध्ये 'रुकवुड' नावाची पॉटरी काढली. तिचा १८८६ चा शिक्का म्हणजे उलटा 'आर' आणि त्याला पाठ लावून 'पी'. १८८७ मध्ये त्यावर एक ज्योत आली. पुढं दरसाल एकेक ज्योत वाढत गेली. १९०० साली चौदा ज्योती झाल्या आणि त्यानंतर खाली रोमन आकडे येऊ लागले. म्हणजे शंभर वर्षांनंतरही कुणीही नुसत्या ज्योती मोजून साल सांगू शकतो. १९३६ साली होमर लाफलिन कंपनीनं 'फिएस्टा' नावाची साधी, रंगीत ताटं-वाट्या बाजारात आणल्या. नक्षी नाही, फक्त गडद रंग. त्यातला लाल रंग युरेनियमच्या संयुगातून यायचा. युद्धात सरकारनं युरेनियम आपल्या ताब्यात घेतलं आणि १९४३ पासून लाल फिएस्टा बंद पडली, ती १९५९ मध्ये परत आली. अणुबॉम्बाची गोष्ट एका जेवणाच्या ताटलीत अशी सापडते. हे सगळं जुळवलं ते जुन्या जाहिराती, दुकानांच्या किंमतयाद्या आणि घरातल्या ताटल्या समोर ठेवून बसलेल्या साध्या संग्राहकांनी. लोइस लेहनर या बाईंनी तर १९८८ मध्ये अमेरिकेतल्या मातीकामाच्या शिक्क्यांचा भला मोठा कोश काढला. आपल्या बरण्यांचा असा कोश करायचा झाला तर त्याची पहिली पानं झरी, पाटण, शिबला, माथार्जुन इथल्या माळ्यांवरच आहेत.

आणि कलात्मक मातीकाम फक्त परदेशातच झालं असं समजू नका. रुकवुड निघण्याच्या आधीच, १८७० च्या दशकात, मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी मातीकामाचा विभाग चालवला. सिंधी कुंभारांची निळी-हिरवी झिलई आणि अजिंठ्याच्या चित्रांमधल्या आकृती यांचा मेळ तिथल्या फुलदाण्यांवर घातला गेला. त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, आणि भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातही पाहायला मिळतात. मुंबईला जाणं झालं तर पोरांना घेऊन जा.

एक कडू गोष्टही वहीत यायला हवी. चिनी माती घासून, चिंच लावून शुद्ध होत नाही, म्हणून पुष्कळ सोवळ्याच्या घरांत कपबशीला स्वयंपाकघरात थारा नव्हता. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी चहाला गेली, तर त्यावरून केवढं काहूर उठलं आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आपल्या खेड्यांतल्या चहाच्या टपऱ्यांवर तर त्यानंतरही कित्येक वर्षं दलित गिऱ्हाइकाचा कप वेगळा असायचा, बहुतेक कान तुटलेला, बाहेरच्या खुंटीला अडकवलेला, आणि तो त्यानंच धुवून ठेवायचा. ज्यांनी त्या कपातून चहा प्यायला ती माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांनी सांगायची तयारी दाखवली तर त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. नुसत्या सुंदर कपांची यादी करून हा कप वगळला तर ती यादी खोटी ठरेल.

कोलाम पोडावर बरणी नसेलही. तिथं बांबूच्या टोपल्या, भोपळ्याचे तुंबे आणि कुंभाराची मडकी असतील. त्यांचीही नोंद तेवढ्याच आदरानं करा. मात्र वस्तू मागू नका आणि फुकट उचलू तर नकाच. फोटो काढायचा तर विचारून काढा, आणि नोंद त्यांना वाचून दाखवा.

नोंद कशी करायची? एक दोनशे पानी वही पुरे. एका वस्तूला एक पान. उदाहरणादाखल एक नोंद अशी होईल: 'बरणी. उंची १ फूट २ इंच, तोंड ५ इंच. वर तपकिरी, खाली दुधाळ. बुडाला शिक्का नाही, माती करडी. झाकण मूळचं नाही, जर्मनचं बसवलं आहे. काठाला जुना टवका. आजीला माहेरहून, अडेगावहून, लग्नात मिळाली. आंब्याचं लोणचं, नंतर मीठ. सांगणारी: मोठी सून. तारीख.' जे माहीत नाही ती जागा कोरी सोडा, अंदाज लिहायचा तर अंदाज म्हणून लिहा. शिक्का पुसट असेल तर उदबत्तीची राख बोटावर घेऊन हलकेच घासा, मग फोटो काढा. फोटो तीन घ्या: पूर्ण वस्तू, बूड आणि शिक्का. वस्तूवर चिकटपट्टी लावू नका, चिठ्ठी दोऱ्यानं बांधा. टवका जोडायला झटपट चिकटणारा गोंद वापरू नका, तो पिवळा पडतो आणि पुढं नीट दुरुस्ती करणाऱ्याचं काम अवघड करतो. थंडीत कडक पाणी ओतू नका, जुनी झिलई तडकते.

जेवणाचं एक सांगतो, आणि हे गंभीर आहे. आतली झिलई घासलेली, केसासारख्या बारीक चिरा पडलेली किंवा टवका उडालेली बरणी लोणच्याला वापरू नका. लोणच्यातलं आम्ल झिलईच्या आत शिरतं, आणि जुन्या काही झिलयांत, विशेषतः हलक्या आचेवर भाजलेल्या मातीच्या आणि वरून रंगवलेल्या भांड्यांत, शिसं असू शकतं. त्यानं लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते. अशी भांडी फळीवर ठेवा, त्यांच्यात आंबट काही वाढू नका. धड बरणी मात्र वापरत राहा. लोणचं तिच्यात मुरतं तसं प्लास्टिकच्या डब्यात मुरत नाही, हे आपल्या घरातल्या बाया चांगलं जाणतात.

शेत नांगरताना किंवा गावाच्या जुन्या पांढरीत खापरं निघतात. काळी-तांबडी, झिलई नसलेली. विदर्भात लोहयुगातल्या वस्त्या पुष्कळ आहेत, अशी खापरं दोन-अडीच हजार वर्षांची असू शकतात. ती खणू नका, विकू नका. जागा लक्षात ठेवून तहसील कार्यालयाला किंवा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला कळवा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे. कुणी फार गोड बोलून जास्त पैसे देऊ करत असेल तर हे त्याला सांगा.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास असाच घरगुती वस्तूंचा नाद सुरू केला. दिवे, अडकित्ते, भांडी, ज्या गोष्टी लोक टाकून देत, त्या त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या. संग्रहालयाला त्यांनी अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव दिलं. तेवढा व्याप प्रत्येकाला झेपणार नाही, आणि त्याची गरजही नाही. वस्तू ज्याच्या त्याच्या घरी राहू द्या, नोंदी तेवढ्या एकत्र येऊ द्या.

गुरुजनांना आणि ग्रामपंचायतीला म्हणून सांगणं आहे: दिवाळीच्या सुटीत सातवी-आठवीच्या मुलांना हे काम द्या. 'घरातली सगळ्यात जुनी चिनी मातीची वस्तू' एवढा विषय पुरे. आलेल्या नोंदी एका वहीत उतरवून ती जिल्हा परिषद शाळेत ठेवा, एक छायाप्रत गावच्या वाचनालयात द्या, आणि बदली होऊन जाताना वही नव्या गुरुजींच्या हाती सोपवा. खाणींपायी वणीच्या पट्ट्यात गावं हलली, तशी पुढं आपलीही हलतील की नाही, हे आपल्या हातात नाही. नोंद करणं आपल्या हातात आहे. आणि घरात ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर त्याच्याजवळ आजच बसा. शिक्के पुढच्या वर्षीही वाचता येतील.