खोट्या मापाला दंड, मग खोट्या बातमीला का नको?

कापडाच्या धंद्यात मला तीस वर्षे झाली. शुद्ध सुती म्हणून विकलेल्या ताक्यात पॉलिएस्टर निघाले, तर गिऱ्हाईक ग्राहक आयोगात जाते. मीटर आखूड निघाला, तर वजनमापे निरीक्षक खटला भरतो. यात गैर काही नाही. बातमी हासुद्धा आज विकला जाणारा माल आहे. मग खोटा माल विकणाऱ्या वर्तमानपत्राला व वाहिनीला कायद्याने दंड का नसावा?

हा प्रश्न मला २०२० साली पडला. टाळेबंदी सैल झाल्यावर माझ्याकडून उधारीवर कापड नेणारे फेरीवाले पुन्हा खेड्यांकडे निघाले. दोन गावांच्या वेशीवरून त्यांना परत पाठविण्यात आले. "तुमचे लोक रोग पसरवतात, टीव्हीवर दाखवले," एवढेच कारण. त्यांच्यापैकी एकाने मोटारसायकल विकून माझी उधारी फेडली आणि धंदा सोडला. तो कधी दिल्लीला गेलेला नव्हता.

पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांत त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा बनविले गेले असावे, असे न्यायालयाने नमूद केले. पण एप्रिलमध्ये जी बातमी पहिल्या पानावर होती, तिचा हा निकाल माझ्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत आला. फेरीवाल्याच्या नुकसानीचा हिशेब कुणी केला नाही.

बदनामीचा कायदा आहे, असे सांगितले जाते. जरूर आहे. १० सप्टेंबर २००८ रोजी टाइम्स नाऊ वाहिनीने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच न्यायमूर्तींच्या जागी पी. बी. सावंत यांचे छायाचित्र सुमारे १५ सेकंद दाखविले. त्यांनी दावा लावला आणि २०११ साली पुणे न्यायालयाने १०० कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. पण सावंतसाहेब सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती होते, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष राहिलेले होते. सायकलवर गठ्ठा बांधणाऱ्याने कोणत्या कोर्टात जावे? त्याचे तर बातमीत नावही नव्हते. शिवाय १०० कोटींचा बोजा एखाद्या साप्ताहिकावर पडला, तर ते दुसऱ्या दिवशी बंद होईल. हेही माप बरोबर नाही.

दुसरीकडे १९७८ च्या कायद्यानुसार प्रेस कौन्सिल फक्त ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड करू शकत नाही. वृत्तवाहिन्यांच्या स्वतःच्या संस्थेचा दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये होता. एवढ्या रकमेचा धाक वाटणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२३ मध्ये सुनावले.

म्हणून सरकारच्या हाती दंडुका द्यावा काय? माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. लिखाणावरचे कायदे या देशात कुणावर चालले ते आठवा. १९०८ साली 'केसरी'तील लेखांसाठी टिळकांना सहा वर्षे झाली. १९१४ साली मौलाना आझादांचे 'अल-हिलाल' प्रेस अॅक्टखाली बंद पडले. १९२२ साली 'यंग इंडिया'साठी गांधीजी तुरुंगात गेले. सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहून हे विसरता येत नाही. अलीकडे २०२३ च्या नियमांनी केंद्र सरकारने आपल्याच कारभाराविषयीची कोणती बातमी खोटी, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याच कक्षाला दिला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला, हे योग्यच झाले.

हिंगणघाटच्या कापूस बाजारात काटा ना शेतकऱ्याच्या हातात असतो, ना व्यापाऱ्याच्या. मापारी वेगळा असतो. बातमीचा मापारीही तसाच हवा: निवृत्त न्यायाधीश, पत्रकार व सामान्य नागरिक यांचे स्वतंत्र मंडळ, ज्यात मंत्रालयाचा माणूस नसेल. तक्रार फुकट करता यावी. चुकीची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच आकारात, सात दिवसांत छापावी. प्रामाणिक चूक वेळेत सुधारली, तर दंड नाही. जाणूनबुजून खोटे छापले किंवा दुरुस्ती नाकारली, तर उलाढालीच्या प्रमाणात दंड व्हावा आणि त्यातून नुकसान झालेल्याला भरपाई मिळावी. तुरुंग मात्र कुणालाही नको.

उर्दू शाळेत आमचे उस्ताद सांगत, खबर आणि अफवा यांत फरक फक्त तहकीकचा. ती तहकीक करण्याचे पैसे वाचक देतो आणि जाहिरातदार त्याहून जास्त देतो. दिवाळी व ईदला पानभर जाहिराती आपण व्यापारीच देतो. कायदा होईल तेव्हा होईल. जे पत्र चुकीची दुरुस्ती छापत नाही, त्याला जाहिरात द्यायची नाही, एवढा ठराव आपल्या जिल्ह्यातील व्यापारी संघटनांनी येत्या हंगामाआधी करावा. सर्व समाजांचे व्यापारी त्यात आले, तरच त्याला वजन राहील.