पोराला पैसे धाडता, दाणे काहून नाही?

शेतकरी बंधूंनो, जून-जुलै आला की आपल्या घरावर दोन खर्च एकदमच चालून येतात. एक पेरणीचा आणि दुसरा पोराच्या कॉलेजचा. बियाणे-खत कृषी केंद्रवाला ओळखीवर उधार देतो. मेसवाला मात्र महिन्याचे पैसे आगाऊ मागतो. पोरगं बुलडाण्याला असो, शेगावच्या इंजिनिअरिंगला असो की अमरावती-पुण्याला, तुम्ही मोबाईलवरून हजार-दोन हजार टाकता आणि समजता की लेकराच्या जेवणाची सोय लागली. दिवाळीला ते घरी येते तेव्हा माय दारातच म्हणते, "काहून रे बाबू, असा वाळला?" पोरगं म्हणतं, "मेसचं जेवण बरोबर नाही." तेवढ्यावर विषय संपतो आणि दिवाळीनंतर पुन्हा तेच सुरू होते.

माझे म्हणणे असे की, यात दोष एकट्या मेसवाल्याचा नाही. तेल, गॅस, भाजी सगळेच महागले. त्याने वरणात पाणी वाढवले, भाजीत बटाटा वाढवला आणि ताटात भात वाढवला. पोट भरते, पण डाळ आणि पालेभाजी तेवढी निसटते. उरलेली कसर पोरगं बाहेर भरून काढते. सकाळी आलुबोंडा नाही तर कचोरी, अभ्यासाच्या रात्री नूडल्सचे पुडके आणि तीन वेळा चहा. पैसा जातो तो इथेच, आणि अंगी काही लागत नाही.

आता थोडा हिशोब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली जे प्रमाण ठरवून दिले, त्यानुसार धडधाकट माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 55 किलोच्या पोराला साधारण 45 ग्रॅम. प्रथिने म्हटले की आपल्याला वाटते दूध, अंडी, मटण, म्हणजे पैशाचे काम. पण 100 ग्रॅम फुटाण्यांत जवळपास 20 ग्रॅम आणि तेवढ्याच शेंगदाण्यांत 25 ग्रॅम प्रथिने असतात. रोज 50 ग्रॅम फुटाणे आणि 30 ग्रॅम शेंगदाणे खाल्ले, तर गरजेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग तिथेच भरून निघतो. कॉलेजचे दहा महिने धरले तर फुटाणे लागतील 15 किलो आणि दाणे 9 किलो. आपला अर्धा कट्टासुद्धा भरत नाही! 2025-26 च्या रब्बी विपणन हंगामात हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला 5,650 रुपये होता. त्या भावाने 15 किलोचे साडेआठशेही होत नाहीत, दिवसाला तीन रुपयांच्या आत. पोरगं एका कचोरीला याहून जास्त देते.

बाजार समितीत हरभरा मिळेल त्या भावाने घालायचा, त्यातले पैसे पोराला धाडायचे आणि त्याने शहरातल्या दुकानातून तोच हरभरा छोट्या पुडीत चौपट भावाने घ्यायचा, किंवा घ्यायचाच नाही, हा कोणता व्यवहार? आपल्या जिल्ह्यात मूग, तूर, हरभरा, सोयाबीन सारेच पिकते. मग पैशाबरोबर दाणे काहून जात नाहीत?

होस्टेलच्या खोलीत शेगडी चालत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि ते बरोबरही आहे. म्हणून अशी वस्तू द्या की जिला चूल लागत नाही. फुटाणे, भाजलेले दाणे, गूळ, जवसाची नि कारळाची चटणी, सातूचे पीठ. मूग रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधला की दुसऱ्या दिवशी मोड येतात. त्यावर कांदा, मीठ, लिंबू, झाला नाश्ता. जी पोरं खोली भाड्याने घेऊन हाताने करून खातात, त्यांना गहू दळताना दर नऊ किलोला एक किलो सोयाबीन मिसळून पीठ द्या. मात्र सोयाबीन कच्चे दळू नका. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवून, उन्हात खडखडीत वाळवून मगच दळा, नाही तर पचत नाही.

काही जण म्हणतील, पोरं लाजतात. चार पोरांत गुळ-दाण्याची पिशवी काढायला त्यांना कमीपणा वाटतो. खरे आहे. पण शेगावला गजानन महाराजांना नैवेद्य कशाचा असतो? पिठलं-भाकर आणि अंबाडीची भाजी. तिथे हात जोडायचे आणि खोलीवर तेच ताट गावठी म्हणायचे! ही लाज पोरांनी आपल्याकडूनच घेतली आहे. पाहुणे आले की भाकर झाकून पोळ्या लाटणारे आपणच.

शिकणाऱ्या पोराला धान्यावर जगवणे ही काही नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह चालवायला घेतले, तेव्हा गावोगावचे धान्यच त्यांच्या कामी आले, आणि धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले ते कुणब्याच्या पोरांची राहण्या-खाण्याची अडचण पाहूनच. आज एका गावची पाच-सात पोरं एकाच शहरात असतात. त्यांच्या बापांनी एकत्र बसून मेसवाल्याला सांगावे की, तुरीची डाळ आणि गहू आमचा, तू दर कमी कर आणि वरण घट्ट ठेव. जवळच्या मुक्कामी असलेल्या पोरांना गावातून एस.टी.ने डबा जातो, तिथे हा प्रश्न अर्धा सुटलेलाच असतो. 2021-22 च्या संपात गाड्या सहा महिने विस्कळीत होत्या, तेव्हा त्या डब्याची किंमत पुष्कळ घरांना कळली.

पोरींबद्दल वेगळे बोलले पाहिजे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायांचे रक्त कमी निघाले. होस्टेलवरची पोरगी पैसे वाचवायला पहिल्यांदा आपलेच जेवण कापते, आणि घरी सांगतही नाही. तिला पालेभाजी, मोडाची मटकी आणि सोबत लिंबू हवे. लिंबाने अन्नातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. सुटीत ती घरी आली की प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे रक्त तपासून घ्या.

आता दोन शब्द गावच्या अधिकारी मंडळींसाठी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 साली स्वाधार योजना आली. महापालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यास त्यात भोजनासाठी वर्षाला 25,000 रुपये ठरले. दहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला 83 रुपये, दोन वेळचे जेवण आणि नाश्ता धरून. त्यातही हप्ता वेळेवर येत नाही, ही ओरड दरवर्षीची. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबरावांच्याच नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तिथे अल्पभूधारक दाखला लागतो, उत्पन्नाचा लागतो. तलाठीसाहेब (आता तुमचे पद ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गाव तलाठीच म्हणते), तुमचा अहवाल पंधरा दिवस पडून राहिला की तिकडे पोराचे ताट तेवढे पातळ होते. अर्ज सुरू होण्याआधीच, मे महिन्यात, ग्रामपंचायतीच्या फलकावर शिकणाऱ्या पोरांच्या कागदांची यादी लावा आणि एक दिवस गावातच बसून दाखल्यांचे अहवाल उरका. शाळेच्या मास्तरांना हाताशी घ्या, कोणाचे लेकरू कुठे शिकते हे त्यांना बरोबर माहीत असते.

आणि बंधूंनो, या खेपेला पोरगं निघताना त्याच्या पिशवीत काय आहे ते एकदा स्वतः उघडून पाहा. चार्जर, कपडे, बिस्किटाचे पुडे असतील. फुटाण्याला जागा उरली असेल, तर आजच भट्टीवर हरभरा टाकून या.