फडक्यांची थाळी आणि आजचा ॲडब्लॉकर

१/ पनवेलजवळच्या शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. १८७९ मध्ये त्यांनी सावकारांच्या घरांवर छापे घातले. आज त्यांच्यावरील व्हिडिओ उघडावा, तर त्याच्या आधी झटपट कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात लागू शकते! प्रेक्षक वैतागतो आणि ॲडब्लॉकर बसवतो. पण मग इतिहास सांगण्याचा खर्च कोणी सोसायचा?

२/ जाहिरातीचे वावडे फडक्यांनाही नव्हते. पुण्याच्या रस्त्यांतून स्वतः थाळी वाजवीत ते आपल्या व्याख्यानाची दवंडी देत. मात्र ती थाळी व्याख्यानासाठीच वाजे आणि वक्त्याचा चरितार्थ लष्करी हिशेब खात्यातील कारकुनीवर चाले. श्रोत्यांचे लक्ष तिसऱ्या कोणाला विकले जात नव्हते.

३/ छापील मराठीला हा प्रश्न लवकरच भेडसावू लागला. ‘केसरी’ १८८१ साली निघाला. पुढे टिळकांकडे त्याची मालकी आली, ती कर्जासकट. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा रुजवली. आज बहुतेक दिवाळी अंक जाहिरातींच्या आधारावरच उभे राहतात. म्हणजे जाहिरातीने मराठी वाचन पोसलेही आहे.

४/ मग आजचे दुखणे कोणते? छापील पानावरची जाहिरात ओलांडून वाचक पुढे जाई; व्हिडिओतील जाहिरात त्याला अडवून धरते. शिवाय पैसा पाहण्याच्या वेळेवर मिळतो, म्हणून ‘दडवलेला इतिहास’ अशा मथळ्यांना बरकत येते आणि दप्तरे चाळणारा मागे पडतो.

५/ यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा निर्मात्याला मिळतो. त्यासाठी १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे ही अट आहे. त्याखालच्या वाहिनीवरही जाहिरात दिसू शकते, पण निर्मात्याच्या हाती काही पडत नाही.

६/ म्हणून ‘जाहिरात पाहणे म्हणजे निर्मात्याला मदत’ हे अर्धसत्य आहे. ‘ॲडब्लॉकरने नुकसान फक्त कंपनीचे’ हेही तितकेच अर्धसत्य. अट पूर्ण केलेल्या अभ्यासू वाहिनीचा वाटाही त्याच कात्रीत सापडतो.

७/ २०१९ पासून भारतात यूट्यूब प्रीमियम उपलब्ध आहे. त्याच्या शुल्कातील वाटा पाहिलेल्या वेळेनुसार निर्मात्यांना मिळतो. व्यत्यय टळतो, पण मोजमाप पुन्हा वेळेचेच. अभ्यासाची किंमत त्यातही ठरत नाही.

८/ तेव्हा न्याय्य मार्ग एकच: जी वाहिनी बंद पडली तर हळहळ वाटेल, तिला थेट वर्गणी द्यावी किंवा तिच्या लेखकाचे पुस्तक विकत घ्यावे. ज्या विद्यार्थ्याचा खिसा रिकामा आहे, त्याने निदान त्या वाहिनीपुरता ॲडब्लॉकर बंद ठेवावा. उरलेल्या ठिकाणी तो वापरल्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

९/ फडके १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात निवर्तले. त्यांची कथा सनसनाटीवाल्यांच्या हाती जाणार की अभ्यासकांच्या, हे प्रेक्षकांच्या वर्गणीवरही ठरणार आहे.